फिटर मिळत नाही? आधी त्याच्या तासाचा भाव काढा

ऑर्डर हातात आहे. कास्टिंग फौंड्रीतून आले, मशीनिंग होऊन आले, बेअरिंग आणि सील आणून ठेवले. आणि जोडणीच्या टेबलावर चारपैकी दोनच फिटर उभे आहेत. कोल्हापूर परिसरात शाहूपुरी, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठेही छोट्या कारखानदाराशी बोला, पहिली तक्रार हीच निघते: माणूस मिळत नाही.

तक्रार खरी आहे. लेथवरचा टर्नर असो की जोडणीचा फिटर, जुने मेस्त्री निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून शिकणारी पोरे कमी झाली आहेत, आणि जी शिकतात त्यांना पुणे-चाकण खुणावते. पण या तुटवड्याची आपल्या वर्कशॉपला रुपयांत किती किंमत पडते, हे फार थोड्यांनी कागदावर मांडलेले असते. मग घाईत निर्णय होतात. कोणी सगळ्यांना रात्री दहापर्यंत थांबवतो, कोणी ठेकेदाराला फोन लावतो, कोणी दोन हजार जास्त देऊन शेजारच्या गाळ्यातला माणूस ओढतो. यातला कोणता मार्ग कधी परवडतो, हे पाहण्यासाठी एक छोटे पंप-जोडणीचे वर्कशॉप उदाहरणाला घेऊ. पगाराचे आणि मिनिटांचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तिथे तुमचे घाला. पीएफ-ईएसआयचे टक्के मात्र नियमातले आहेत.

तासाला खरे किती पडतात

फिटरचा पगार महिना २०,००० धरू. सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला की तासाला ९६ रुपये येतात, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो.

त्यावर मालकाचा पीएफ: १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, शिवाय विमा आणि प्रशासन खर्चाचा १ टक्का, एकूण १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, ६५० रुपये. बोनस किमान ८.३३ टक्के. तो ७,००० किंवा त्या कामाचे किमान वेतन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर काढायचा. १३,००० धरले तर महिन्याला १,०८३. ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्के बाजूला ठेवा, ९६२ रुपये. बेरीज २४,६४५. तुमच्याकडे वीसपेक्षा कमी माणसे असतील तर पीएफ आणि दहापेक्षा कमी असतील तर ईएसआय लागू नसेल. तेवढे वजा करा.

आता तास पाहा. वर्षाचे ३१२ दिवस, त्यातून सणांचे ८ आणि भरपगारी रजेचे १५ दिवस गेले. उरले २८९. आठ तासांतही चहा, जेवणानंतरची सुरुवात, पाना शोधणे, "नट आले नाहीत" म्हणून थांबणे हे सगळे असते. प्रत्यक्ष हात चालतात साडेसहा तास. वर्षाचा खर्च २,९५,७४० भागिले १,८७८ तास: तासाला सुमारे १५७ रुपये.

९६ आणि १५७ मधला हा फरक जॉबचा दर ठरवताना धरला नाही, तर कमी माणसांत काम रेटून नेल्याचा आनंद ताळेबंदात दिसत नाही. आणि साडेसहा तास हेही मी उदार मनाने धरले आहेत. आपल्या टेबलापाशी एक दिवस घड्याळ घेऊन उभे राहा, म्हणजे कळेल.

नियोजन मशिनवर करू नका, हातांवर करा

आपल्याकडे कामाचे वेळापत्रक मशिनवरून बनते. अमुक लेथ मंगळवारी मोकळा, तमुक ड्रिल बुधवारी. जोडणीला मात्र "मग काय, जोडून टाकू" एवढीच जागा असते. कुशल माणूस कमी असेल तेव्हा ऑर्डर तिथेच अडते, म्हणून वेळापत्रकाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

एका साध्या सेंट्रिफ्यूगल पंपाची जोडणी घ्या. भाग साफ करून बर काढणे १५ मिनिटे. शाफ्टवर बेअरिंग बसवणे १२. इम्पेलर बसवून फट तपासणे १८. ग्लँड किंवा सील १५. केसिंगचे बोल्ट १२. हायड्रो टेस्ट १३. रंग, नेमप्लेट, पॅकिंग १५. एकूण १०० मिनिटे. चारही फिटर प्रत्येकी एक पंप सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडत असतील, तर दिवसाला पंधरा-सोळा पंप होतात. दोघे गेले की सात-आठ. पंपामागे माल-मजुरी जाऊन ६०० रुपये सुटतात असे धरले तर दिवसाला साडेचार हजारांवर पाणी, ग्राहकाची बोलणी वेगळी.

आता यात खरे कसब कुठे लागते ते पाहा. बेअरिंग, इम्पेलर, ग्लँड आणि टेस्टमधली दहा मिनिटे, एकूण ५५ मिनिटे. उरलेली ४५ मिनिटे नीट दाखवून दिली तर हेल्पर करू शकतो. दोन फिटर फक्त कसबाचे काम करतील आणि दोन हेल्पर बाकीचे, अशी वाटणी केली तर दिवसाला चौदा पंप निघतात. चार फिटरांच्या जवळपास तितकेच. हेल्परांच्या हातात थोडा वेळ उरतोही. त्यात उद्याच्या पंपांचे भाग मोजून ट्रेमध्ये भरून ठेवता येतात, म्हणजे फिटरला गॅस्केटसाठी स्टोअरमध्ये जावे लागत नाही.

खर्च: १४,००० पगाराचा हेल्पर वरच्याच पद्धतीने सुमारे १८,००० ला पडतो. चार फिटरांत पंपामागे मजुरी २६३ रुपये होती, दोन-दोनच्या वाटणीत २५० होते. तेरा रुपये वाचले म्हणून हे करू नका. दोन फिटर गेल्यावरही माल वेळेवर गेला, यासाठी करा. आणि कृपा करून चार फिटर असताना दोघांना घरी पाठवण्यासाठी हा हिशेब वापरू नका. ते दोघे दुसऱ्या मॉडेलवर आणि शिकवण्यासाठी हवेत.

वाटणीची एक अट आहे. "कसब" म्हणजे नक्की काय, हे लिहून काढावे लागते. बेअरिंगचेच घ्या. ते शाफ्टवर घट्ट बसते, म्हणून बसवताना जोर आतल्या कड्यावरच पडला पाहिजे. नवा पोरगा हातोडी घेऊन बाहेरच्या कड्यावर ठोकतो. बेअरिंग बसते, फिरतेही. पण तो ठोका गोळ्यांमधून गेलेला असतो आणि आतल्या वाटेवर सूक्ष्म खड्डे पडलेले असतात. पंप टेस्टमध्ये पास होतो आणि दोन महिन्यांनी शेतकऱ्याच्या विहिरीवर घरघर सुरू होते. आतल्या कड्याच्या मापाचा पाइपचा तुकडा कापून, "ठोकायचे ते यावरच" असे टेबलापाशी चिकटवले, तर निम्मे कसब त्या तुकड्यात येते. गरम करून बसवायचे असेल तर १२० अंशांच्या पुढे नेऊ नका, आणि गॅसच्या ज्योतीने तर नाहीच. ग्लँडच्या दोरीचे तुकडे तिरके कापायचे, प्रत्येक रिंगचा सांधा आधीच्यापासून पाव फेरा पुढे ठेवायचा. केसिंगचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. जुन्या मेस्त्रीला हे सांगावे लागत नाही, म्हणूनच ते कुठे लिहिलेले नसते. तो आहे तोवर मोबाइलवर त्याच्या हातांचे चित्रण करून ठेवा, मराठीत आणि हिंदीत दोन ओळी लिहून ठेवा. कागद, छपाई आणि मेस्त्रीचे दोन दिवस, एवढ्यात होणारे हे काम आहे.

मग साधनांचा प्रश्न. हातोडीऐवजी हँड प्रेस घेतला आणि बेअरिंगची चार मिनिटे वाचली असे समजू. प्रेस ३०,००० ला पडला. महिन्याला ३४० पंपांचे बावीस-तेवीस तास वाचतात, १५७ च्या दराने साडेतीन हजार रुपये, म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेआठ महिने. पण हा हिशेब अपुरा आहे. फिटरच कमी असताना त्याची वाचलेली चार मिनिटे पुढच्या पंपात जातात. ५५ ची ५१ मिनिटे झाली की दिवसाला एक पंप जास्त निघतो, ६०० रुपये जास्त सुटतात, आणि प्रेस दोन महिन्यांत मोकळा होतो. जिथे काम अडते तिथल्या मिनिटाची किंमत पगारावरून काढायची नसते. तेच ३०,००० रंगाच्या बूथवर घातले तर एकही पंप वाढणार नाही.

ओव्हरटाइम, ठेकेदार, बाहेरची जोडणी

ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणून तो दुप्पट महाग वाटतो. प्रत्यक्षात १९२ रुपये आणि त्यावरचा ईएसआय मिळून तासाला १९९ पडतात; त्यावर पीएफ, रजा, बोनस काही वाढत नाही. काम झालेल्या तासाला २४५ रुपये, म्हणजे नेहमीच्या दीडपटीहून थोडे अधिक. नवा फिटर महिन्याला २४,६४५ चा. तेवढ्या पैशात ओव्हरटाइमचे १२४ तास येतात. महिन्याची तूट त्याहून कमी असेल, आणि तीही दोन-तीन महिन्यांपुरती, तर ओव्हरटाइम स्वस्त. जास्त असेल तर माणूस घ्या.

चार फिटरांत १२४ तास म्हणजे प्रत्येकी महिन्याला ३१, तिमाहीला ९३. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तिमाहीची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता आल्या, तेव्हा आजचा नियम आपल्या सल्लागाराकडून लेखी घ्या. दोघांतच हे तास बसवायचे म्हटले तर तिमाहीला १८६ होतात. ते कोणत्याही नियमात बसत नाही आणि माणसाच्या अंगातही बसत नाही. थकलेल्या हाताने ग्लँड तिरकी बसते, आणि परत आलेल्या एका पंपाची खोलणी, नवा सील, टेम्पोचे भाडे धरले की तीन संध्याकाळचा ओव्हरटाइम जातो.

ठेकेदाराच्या माणसाला मजुरी, त्याचे पीएफ-ईएसआय, ठेकेदाराचे कमिशन आणि वर १८ टक्के जीएसटी, असे बिल येते. जीएसटीची वजावट मिळते, पण पैसे आधी जातात. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणून बिलाबरोबर मागच्या महिन्याचे पीएफ चलन आणि नावांची यादी मागा. दिली नाही तर बिल थांबवा. माझे मत स्पष्ट आहे: साफसफाई, पॅकिंग, माल हलवणे यांसाठी ठेकेदार ठीक. बेअरिंग आणि सीलवर दर महिन्याला नवा चेहरा परवडत नाही.

बाहेर जोडून घेण्यात दर पंपामागे ठरतो आणि मन शांत राहते. त्यात जाण्या-येण्याचे भाडे, आपल्या माणसाची तिथली तपासणी आणि रिजेक्शन कोणाच्या खात्यावर, हे आधी लिहा. माल चलनावर पाठवा; जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉब वर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. जॉब वर्कवाला उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल तर करार असताना ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा होत नाही. आणि एक मॉडेल तरी घरीच जोडत राहा. सगळी जोडणी बाहेर गेली की वर्षभरात आपल्याकडे दर समजणारा माणूसही उरत नाही.

शिकाऊ मुलगा फुकट नसतो, पण महागही नाही

आयटीआयचा फिटर ट्रेड दोन वर्षांचा. निकालानंतर मुले बाहेर पडतात, तेव्हाच कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन निदेशकांना भेटा. जाहिरातीपेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचे. अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे, आणि शाहूपुरीतले बहुतेक गाळे यातच मोडतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० स्टायपेंड. केंद्राच्या योजनेतून त्यातले २५ टक्के, जास्तीत जास्त १,५००, सरकार मुलाच्या खात्यात भरते. ही रक्कम वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झालेली आहे, म्हणून करार करताना अप्रेंटिसशिप पोर्टलवरचा चालू आकडा पाहा. अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय लागू होत नाही.

खर्च दुसरीकडे असतो. पहिले तीन महिने फिटरचा रोज दीड तास त्याच्यापाठी जातो. १०८ तास, १५७ ने, सुमारे १७,०००. तीन महिन्यांचा आपला स्टायपेंडही १६,५०० च होतो. म्हणजे शिकवणाऱ्याचा वेळ स्टायपेंडएवढाच महाग, आणि तो कोणी बजेटमध्ये धरत नाही. मग फिटरला उत्पादनाचा तोच आकडा मागितला जातो, आणि तो मुलाला झाडू हातात देऊन मोकळा होतो. त्या तिमाहीत फिटरचे टार्गेट कमी करा आणि मुलगा एकट्याने पंप पास करू लागला की शिकवणाऱ्याला ठरलेली रक्कम द्या. हे पैसे मी कधीच वाया गेलेले पाहिले नाहीत.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय किंवा पदविकाधारकाला महिना ८,००० आणि बारावी झालेल्याला ६,००० शासन थेट खात्यात देते. कायमचे दोन हेल्पर घेत असाल तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना पाहा. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पन्नासपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेने किमान दोन माणसे वाढवली आणि ती सहा महिने टिकली, तर १०,००० ते २०,००० पीएफ-वेतनाच्या प्रत्येकामागे मालकाला महिना २,००० मिळतात. दोन वर्षे, आणि उत्पादन क्षेत्राला चार वर्षे. त्यासाठी पीएफची नोंदणी हवी. वीस माणसे नाहीत म्हणून नोंदणी टाळणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून पाहावा.

वेळापत्रकात सण, शेती आणि पंचगंगा

पंपाची मागणी उन्हाळ्याच्या तोंडावर चढते आणि नेमकी चैत्रात जोतिबाची यात्रा, गावोगावच्या म्हाया-जत्रा येतात. जूनमध्ये पेरणी, मग रोप लावण, मग गणपती, दिवाळी. बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार दिवाळी-छठला गावी जातात ते आठवड्याने येत नाहीत. मे २०२० मध्ये श्रमिक रेल्वेने माणसे गेली तेव्हा एकाच प्रदेशावर विसंबण्याचा धोका सगळ्यांनी पाहिला. या सुट्या दरवर्षी ठरलेल्या आहेत, तरी दरवर्षी "अचानक" होतात. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला त्याच्या गावची जत्रा आणि घरचे लग्नकार्य विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एकच कसब असलेले दोघे एकाच आठवड्यात जात असतील तर तीन महिने आधी बोलता येते. चैत्राआधी फेब्रुवारीत शाफ्ट-बेअरिंग-इम्पेलरचे संच जोडून ठेवा. तेवढे कसबाचे काम आधी झाले की जत्रेच्या आठवड्यात हेल्पर केसिंग बंद करू शकतात.

पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज पाहा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. नदीपलीकडून येणारे फिटर किती आणि अलीकडचे किती, हे माहीत असू द्या. ३९ गाठताच पलीकडच्या माणसांच्या हातचे काम आधी संपवा, आणि जयंती नाल्यालगतच्या सखल गल्लीत गाळा असेल तर मोटारी आणि बेअरिंग वरच्या मांडणीवर न्या.

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की तिथले हंगामी फिटर काही महिने मोकळे असतात. ओळखीतून विचारा. मुदतीच्या नेमणुकीवर घेतले तर नव्या संहितेप्रमाणे वर्षभराच्या सेवेनंतरही ग्रॅच्युइटी लागू होते, ती धरून ठेवा.

आहे त्याला टिकवण्याचा भाव

फिटर गेला तर नव्याचे पहिले दोन महिने निम्मे काम, २४,६४५ चे नुकसान, शिकवण्याचे १७,०००. जवळपास ४१,६०० रुपये. त्याने उचल घेतलेली असेल तर ती वेगळी. त्याच माणसाला महिना १,५०० वाढवले तर ग्रॅच्युइटी वगैरे धरून वर्षाला सुमारे १९,००० पडतात. म्हणजे तो दोन वर्षे टिकला तरी वाढ वसूल झाली.

ही वाढ देताना एक गोष्ट सांभाळा. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. २०,००० वर १,५०० दिले की माणूस मर्यादेबाहेर जातो आणि घरच्यांच्या दवाखान्याचा आधार जातो. ईएसआयचा वर्गणीकाळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो, आणि काळ सुरू झाल्यावर पगार मर्यादेपुढे गेला तर तो काळ संपेपर्यंत वर्गणी आणि संरक्षण चालू राहते. म्हणून अशी वाढ १ एप्रिलऐवजी मेपासून द्या. सप्टेंबर संपायच्या आत त्याच्या कुटुंबाचा आरोग्य विमा काढा आणि त्याचा हप्ता वाढीच्याच पत्रात लिहून द्या, म्हणजे घरी गेल्यावर बायकोला काय मिळाले आणि काय गेले ते त्याला नीट सांगता येईल.